‘जादूची बासरी’तल्या मुंग्या: एका ऑपेरापटाच्या ब्लू-रेचे प्रकरण

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांनी मोठ्या हौसेने परदेशातून मागवलेली एक ब्लू-रे डिस्क पहिल्या वीस मिनिटांतच परत पाठवण्याच्या गोष्टीवर आली. डिस्क दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या 1975 च्या स्वीडिश ऑपेरापटाची होती, म्हणजे मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ची, जिला आमच्या घरात सगळे ‘जादूची बासरी’ म्हणतात. पुण्यातल्या त्यांच्या दिवाणखान्यात 55 इंची टीव्हीसमोर त्या संध्याकाळी आम्ही पाच जण बसलो होतो: मेहुणे, त्यांचा मुलगा, माझी 78 वर्षांची आत्या, शेजारचे काका आणि मी. डिस्कच्या दर्जाबद्दल तिथे जी मते पडली ती मी एका वहीत उतरवून घेतली, कारण चित्र बरे नाही यावर सगळ्यांचे एकमत होते, पण ते का बरे नाही याबद्दल कोणाचेच कोणाशी जुळत नव्हते.

भाच्याने चित्रपट सुरू होताच “मुंग्या येतायत” असे सांगून टाकले. तो मुंबईत लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करतो, त्यामुळे चित्राच्या स्वच्छतेबद्दल त्याचा शब्द घरात शेवटचा मानला जातो. मेहुण्यांना पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खटकल्या. एवढे पैसे मोजून चौकोनी चित्र का पाहायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आत्याला माणसांचे चेहरे मेणाचे वाटले आणि काही ठिकाणी गाणाऱ्याचे ओठ गाण्याच्या मागे पडतात असेही वाटले. आवाज फक्त दोन वाहिन्यांचा आहे हे कळल्यावर भाचा आणखी चिडला, कारण नवा साउंडबार त्याने त्याच आठवड्यात जोडून दिला होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मेहुण्यांनी मात्र चित्रपट थांबवून विक्रेत्याला लिहायच्या पत्राचा मसुदा मोबाइलवर सुरूही केला, आणि त्यात ‘सदोष माल’ हे शब्द होते.

हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते या दोन शब्दांमुळे. घरी पाहिलेल्या चित्रपटाचा दर्जा वाईट आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात निदान तिघांवरचे आरोप एकत्र कालवलेले असतात. चित्र मुळात कसे टिपले गेले, डिस्कने त्यातले किती आपल्यापर्यंत आणले आणि आपल्या भिंतीवरच्या टीव्हीने त्याचे काय केले, ही तीन खाती वेगळी आहेत. पत्र फक्त मधल्या खात्याबद्दल लिहिता येते. म्हणून प्रत्येक तक्रार कोणत्या खात्यावर टाकायची हे ठरवल्याशिवाय पत्र पाठवू नये, एवढेच मी त्या रात्री मेहुण्यांना सुचवले आणि त्यांनी नाराजीने का होईना, ते मान्य केले.

पहिल्या खात्यात काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. बर्गमन यांनी हा चित्रपट चित्रपटगृहासाठी केलेला नाही. स्वीडिश नभोवाणीला 50 वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने तो स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी केला गेला आणि 1 जानेवारी 1975 रोजी लोकांनी तो घराघरांत पाहिला. त्यानंतर तो कान महोत्सवात आणि जगभरच्या चित्रपटगृहांत गेला. छायाचित्रणकार होते स्वेन निक्विस्ट, वाद्यवृंदाचे संचालन एरिक एरिक्सन यांचे, आणि चित्रीकरण झाले 16 मिलिमीटर फिल्मवर, जी त्या काळी दूरचित्रवाणीच्या कामासाठी सर्रास वापरली जाई. स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातल्या 1766 सालच्या नाट्यगृहातच चित्रीकरण करावे असे बर्गमन यांच्या मनात होते. पण तिथली लाकडी यंत्रसामग्री आणि रंगवलेले पडदे इतके नाजूक आहेत की दिवे, तारा आणि माणसांचा एवढा लवाजमा त्यांना झेपणार नव्हता, म्हणून तो रंगमंच स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या स्टुडिओत हुबेहूब उभारण्यात आला. गायन आधी ध्वनिमुद्रित केले गेले आणि मग त्यावर ओठ हलवत चित्रीकरण झाले. ही पद्धत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको; आपल्याकडे तिला प्लेबॅक म्हणतात आणि तिच्यावर आपल्या तीन पिढ्या वाढल्या आहेत.

आता मुंग्यांकडे येतो. हा शब्द ज्यांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा बसलेला असणार ते शेजारचे काका, कारण त्यांनी तीसेक वर्षे टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. गच्चीवरच्या अँटेनाची दिशा बिघडली किंवा वायर सैल झाली की पडद्यावर जी काळीपांढरी वळवळ सुरू होई, ती मुंग्या. तिथे संकेत क्षीण होत असे, टीव्ही तो वाढवायला जाई आणि संकेताबरोबर भोवतालचा विद्युत गोंगाटही वाढवून दाखवी. काकांनी भाच्याला एकच गोष्ट करायला सांगितली: “डिस्कच्या मेनूवर जा बघू.” भाचा गेला. मेनूवरची अक्षरे आणि गडद पार्श्वभूमी काचेसारखी स्वच्छ होती, एकही ठिपका हलत नव्हता. काका म्हणाले, “वायर ठीक आहे, टीव्ही ठीक आहे. मुंग्या असत्या तर त्यांना मेनू आणि पिक्चर यातला फरक कळला नसता.” ही तपासणी कोणत्याही घरात अर्ध्या मिनिटात करता येते आणि तिच्यासाठी कसलेही उपकरण लागत नाही.

मग पडद्यावर वळवळत होते ते काय? ते फिल्मचे दाणे होते. फिल्मवर प्रकाश टिपणारे चांदीच्या क्षारांचे कण असतात. रंगीत फिल्म धुताना त्यांच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग उरतात आणि चित्र या ढगांचेच बनलेले असते. प्रत्येक चौकटीत कणांची मांडणी वेगळी असल्यामुळे सेकंदाला चोवीस-पंचवीस चौकटी डोळ्यांपुढून गेल्या की स्थिर भिंतसुद्धा किंचित सजीव वाटते. फिल्म जितकी अरुंद, तितके तेच दाणे चित्राच्या मानाने मोठे. 16 मिलिमीटर फिल्मवरची चौकट साधारण 10.26 मिलिमीटर रुंद आणि 7.49 मिलिमीटर उंच असते, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. चित्रपटगृहासाठीच्या 35 मिलिमीटर फिल्मवरची जुन्या आकाराची चौकट क्षेत्रफळाने तिच्या साडेचारपटीच्या आसपास भरते. आमच्या 55 इंची टीव्हीवर, काळ्या पट्ट्या सोडून, चित्राची रुंदी सुमारे 91 सेंटिमीटर होती. तेव्हा आम्ही ते नख जवळजवळ 90 पट मोठे करून, त्यातही सहा फुटांवर बसून पाहत होतो. 1975 च्या नववर्षदिनी ज्याच्या घरी 20 इंची टीव्ही असेल, त्याच्याकडे हीच वाढ 40 पटींच्या आसपास होती, आणि त्या प्रक्षेपणात बारीक दाणे पोचण्याइतका तपशील मावतही नव्हता.

या हिशेबावर भाच्याचे म्हणणे असे पडले की जीर्णोद्धार करणाऱ्यांनी मग ते दाणे पुसून का टाकले नाहीत. संगणकावर ते एका बटणाचे काम आहे. बटण आहे हे खरे, पण ते दाणे आणि तपशील यांत भेद करू शकत नाही. सुरुवातीच्या संगीताच्या सहा-सात मिनिटांत बर्गमन रंगमंच जवळजवळ दाखवतच नाहीत. प्रेक्षकांचे चेहरे दाखवत राहतात, आणि त्यांत एका लहान मुलीच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. तो चेहरा आम्ही थांबवून जवळ जाऊन पाहिला. गालावरची लव, खालच्या ओठावरची ओल आणि भुवईचे सुटे केस, हे सगळे त्या दाण्यांतूनच उभे राहिलेले दिसते. दाणे घासून काढले तर लव त्यांच्याबरोबर जाणार आणि मागे राहील तो आत्या म्हणाली तसा मेणाचा चेहरा.

आणि इथेच आत्याच्या तक्रारीचा उगम सापडला. एकाच डिस्कवर एकाला दाणे फार दिसत होते आणि दुसरीला चेहरे गुळगुळीत दिसत होते, हे परस्परविरोधी वाटते. पण दोघेही खरे सांगत होते. टीव्ही दुकानातून आला तेव्हापासून ज्या भडक ‘डायनॅमिक’ मोडवर होता, त्यात तीक्ष्णता वाढवणे, गोंगाट कमी करणे आणि हालचाल गुळगुळीत करणे ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू होती. गोंगाट कमी करणारी प्रक्रिया लागोपाठच्या चौकटींची सरासरी काढते, म्हणून माणूस स्थिर असेल तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचे दाणे पुसले जाऊन कातडी मेणासारखी होत होती. त्याने मान वळवली की सरासरीचा आधार सुटत होता, दाणे एकदम उसळून वर येत होते, आणि तीक्ष्णता वाढवणारे यंत्र त्यांना आणखी टोके काढून देत होते. मान वळली की मुंग्या, थांबली की मेण, असा तो खेळ चालला होता. आम्ही टीव्हीवरचा ‘फिल्ममेकर मोड’ लावला. हा मोड 2019 मध्ये जाहीर झाला आणि 2020 पासून काही कंपन्यांच्या टीव्हींत मिळू लागला असून त्याचे काम मुख्यतः वरच्यासारख्या सगळ्या प्रक्रिया बंद करणे हेच आहे. दाणे गेले नाहीत, पण ते शांत झाले. एखाद्या जाडसर हातकागदावर काढलेल्या चित्रात कागदाचा पोत जसा दिसतो आणि थोड्या वेळाने दिसेनासा होतो, तसे काहीसे झाले. खुर्च्याही तीन फूट मागे घेतल्या. यालाही काही पैसे पडत नाहीत.

मेहुण्यांकडे याच चित्रपटाची 2000 सालची डीव्हीडी होती. साहजिकच ती काढून तुलना करायची टूम निघाली, आणि आत्याने निकाल डीव्हीडीच्या बाजूने दिला. तिला ते चित्र मऊ वाटले. हे मत मी हसण्यावारी नेणार नाही, कारण जुनी प्रत अधिक सुखद वाटणारे पुष्कळ लोक असतात आणि त्यामागे एक कारण आहे. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र 720 गुणिले 480 बिंदूंचे असते. ब्लू-रेवर काळ्या पट्ट्या वगळून याच आकाराच्या चित्राला 1440 गुणिले 1080 बिंदू मिळतात. डीव्हीडीच्या इतक्या कमी बिंदूंत 16 मिलिमीटरचे दाणे मावतच नाहीत, ते एकमेकांत विरघळतात. शिवाय दाणे हे संकुचनाचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे, शत्रू आहेत. संकुचन करणारी यंत्रणा मागच्या चौकटीतले पुढच्या चौकटीत पुन्हा वापरून जागा वाचवते, आणि दाणे तर एकदाही स्वतःची पुनरावृत्ती करत नाहीत. 135 मिनिटे म्हणजे 8,100 सेकंद, 8.5 जीबीच्या डीव्हीडीवर दर सेकंदाला सरासरी जास्तीत जास्त 8.4 मेगाबिट येतात, तर 50 जीबीच्या ब्लू-रेवर 49 पर्यंत येऊ शकतात, आणि त्यातच ध्वनी आणि पूरक चित्रफितीही बसवायच्या असतात. म्हणून डीव्हीडी काढणाऱ्याला दाणे थोडेफार विरवून टाकण्यावाचून फारसा इलाज नसतो. आत्याला आवडलेला मऊपणा हा या काटकसरीतून आलेला होता. मी तिला दोन्हींवर तोच प्रेक्षागृहातला मुलीचा चेहरा लावून दाखवला. तिने चष्मा पुसला, दोनदा पाहिले आणि म्हणाली, “अगं, तिच्या डोळ्यांत काहीतरी चकाकतंय, ते तिकडे दिसत नाही.” तरीही तिची पसंती बदलली नाही, आणि ती बदलावी असा माझा आग्रहही नव्हता, मुद्दा फक्त पत्राचा होता, आणि दाण्यांबद्दलचे वाक्य मेहुण्यांनी पत्रातून खोडले.

काळ्या पट्ट्यांचा निकाल लवकर लागला. दूरचित्रवाणीसाठी टिपलेले 1975 मधले चित्र चारास तीन या प्रमाणातच असणार आणि सोळास नऊच्या पडद्यावर बाजूंना जागा रिकामी राहणारच. भाच्याने रिमोटवरून ते ताणून दाखवले तेव्हा सगळे एक तृतीयांशाने रुंद झाले आणि त्या मुलीचा चेहरा टम्म फुगलेल्या पुरीसारखा दिसू लागला. मग त्याने झूम केले, तर चित्राची एक चतुर्थांश उंची वरखालून कापली गेली. निक्विस्ट आणि बर्गमन यांचे निकटदृश्य म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत काठोकाठ भरलेली चौकट. झूममध्ये गोष्टीतल्या पापागेनो या विनोदी पक्षीपारध्याचे कपाळ गेले, आणि खालच्या बाजूला एक वेगळीच पंचाईत झाली. या चित्रपटात पात्रे अधूनमधून उपदेशाची वचने लिहिलेले फलक गाता गाता उलगडून धरतात, जुन्या रंगभूमीची गंमत म्हणून. त्यांतली खालची ओळच नाहीशी झाली. मेहुणे म्हणाले, “राहू देत पट्ट्या.”

पट्ट्या आणि दाणे यांवरची ही चीड आली कुठून याचा मात्र थोडा विचार करण्यासारखा आहे, कारण भाच्याच्या बहुतेक अपेक्षा तिथूनच आल्या होत्या. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची प्रक्षेपणे मोठ्या पडद्यावर दाखवली जातात आणि त्याने त्यातली दोन-तीन पाहिली आहेत. योगायोग असा की मेटची ही मालिका 30 डिसेंबर 2006 रोजी सुरू झाली ती ‘द मॅजिक फ्लूट’नेच, ज्यूली टेमर यांनी बसवलेला तो प्रयोग इंग्रजीत आणि थोडा आटोपशीर केलेला होता. अशा प्रक्षेपणात चालू प्रयोग अनेक व्हिडिओ कॅमेरे एकाच वेळी टिपतात, चित्र पडदाभर रुंद असते, त्यात फिल्म नसल्याने दाण्यांचा प्रश्नच येत नाही आणि गायक त्याच क्षणी गात असतो. ज्याने ऑपेरा पडद्यावर पहिल्यांदा असा पाहिला, त्याला बर्गमन यांचा चित्रपट जुना आणि मळका वाटणे स्वाभाविक आहे. दोन्ही गोष्टींना आपण सैलपणे ‘चित्रित ऑपेरा’ म्हणतो, पण एकात प्रयोगाची नोंद आहे आणि दुसऱ्यात प्रयोगाचा आभास मांडून केलेला चित्रपट आहे. भाच्याने तुलनेसाठी काढलेला गज चांगला होता. तो या कापडासाठी नव्हता.

याच्या उलट, नव्या प्रतीत ‘फार जास्त दिसते’ अशीही तक्रार झाली, आणि ती मेहुण्यांची होती. डोंगर रंगवलेले कळतात, प्राण्यांच्या सोंगांतली माणसे कळतात, रात्रीच्या राणीच्या चेहऱ्यावरचा रंग थापलेला कळतो. ही तक्रार मला सर्वांत रोचक वाटली, कारण इथे डिस्क दिग्दर्शकाच्या हेतूला पहिल्यांदाच पूर्ण न्याय देत होती. बर्गमन यांना ते रंगवलेलेच दिसायला हवे आहे. दोन अंकांमधल्या मध्यंतरात ते कॅमेरा थेट रंगपटात नेतात: जो सारास्त्रो पुढे गंभीर उपदेश करणार आहे तो वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेराची स्वरलिपी वाचत बसलेला असतो, रात्रीची राणी ‘धूम्रपान निषिद्ध’च्या पाटीखाली सिगारेट ओढत असते, नायक तामिनो आणि राणीची मुलगी पामिना बुद्धिबळ खेळत असतात. ही सगळी नाटकमंडळी आहेत, हे प्रेक्षकाने विसरू नये आणि तरी त्यात हरवून जावे, असा तो डाव आहे. राणीच्या दुसऱ्या गाण्यात तिचा चेहरा थंड उजेडात पांढुरका, जवळजवळ मुखवट्यासारखा होत जातो. जुन्या प्रतीत तो फक्त फिकट वाटतो, नव्या प्रतीत त्या रंगाखालची आवळलेली जबड्याची रेषा दिसते आणि आईचा राग खरा वाटतो. आत्याला हे मेहुण्यांच्या आधी पटले. गद्य संवाद, मध्येच पद, पुन्हा संवाद, विनोदाला एक हरकाम्या आणि मागे रंगवलेला पडदा: हे सगळे तिला संगीत नाटकामुळे नवे नव्हतेच. मोत्सार्टची ही कृती मुळात अशाच संवादमिश्रित गायनाच्या जातीची, 1791 मध्ये व्हिएन्नाच्या उपनगरातल्या लोकप्रिय नाट्यगृहात झालेली, आणि तिचे शब्द लिहिणारे शिकानेडर स्वतःच पापागेनोच्या पिसांच्या वेषात उतरलेले.

आवाजाच्या तक्रारी दोन होत्या आणि दोन्ही डिस्कच्या खात्यावर टिकल्या नाहीत. हा चित्रपट दूरचित्रवाणीसाठी स्टिरिओ ध्वनिमुद्रण केलेल्या पहिल्या चित्रपटांत मोडतो, आणि डिस्कवर तोच दोन वाहिन्यांचा ध्वनी असंकुचित स्वरूपात दिला आहे. पाच दिशांनी येणारा आवाज त्यात कधी नव्हताच. भाच्याच्या साउंडबारने मात्र तो स्वतःच्या मनाने खोलीभर पसरवला होता आणि त्यामुळे गायक विहिरीतून गात असल्यासारखे वाटत होते. तो प्रभाव बंद करून साधा स्टिरिओ लावला तेव्हा आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली. तिच्या मते आवाजांत ऑपेराचा ‘दम’ नव्हता, आणि हे निरीक्षण अचूक आहे. बर्गमन यांनी तरुण, नैसर्गिक, कानाशी बोलल्यासारखे गाणारे गळे निवडले; एरिक्सन यांची कीर्तीही प्रामुख्याने समूहगायनातली. हॉकन हागेगोर्ड यांचा पापागेनो शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची धडपड करत नाही, कारण त्याच्यासाठी शेवटची रांग म्हणजे आपला सोफा आहे. हे कोणाला आवडेल, कोणाला नाही, पण तो डिस्कचा दोष नव्हे.

ओठांचे प्रकरण थोडे अधिक चिवट होते. प्लेबॅकवर चित्रीकरण झालेले असल्याने काही ठिकाणी ओठ आणि स्वर यांत मुळातच केसभर फरक असणार. पण टीव्ही जेव्हा चित्रावर इतक्या प्रक्रिया करत असतो तेव्हा चित्र उशिरा पोचते आणि आवाज वेगळ्या वाटेने साउंडबारपर्यंत आधी पोचतो, असेही होते. या दोन कारणांत भेद करण्याची युक्ती सोपी आहे. फरक टीव्हीमुळे असेल तर तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारखाच राहतो. मूळ चित्रीकरणातला असेल तर तो एखाद्या ओळीत येतो आणि पुढच्या ओळीत नाहीसा होतो. आमच्याकडे सुरुवातीला तो सतत होता आणि फिल्ममेकर मोड लावल्यावर बराचसा गेला. उरला तो तुरळक, गाण्यातल्या एखाद्या लांब स्वराच्या शेवटी. तो बर्गमन यांच्या खात्यावर.

वेगाची एक तक्रार ऑपेराच्या डिस्कबाबत कान तयार असलेले प्रेक्षक अनेकदा करतात, ती आमच्याकडे कोणी केली नाही, पण ती तपासण्याची रीत आत्याच्या पेटीमुळे फार सुटसुटीत आहे म्हणून सांगते. सेकंदाला 24 चौकटींनी टिपलेला चित्रपट युरोपीय पद्धतीच्या डीव्हीडीवर 25 चौकटींनी चालवला जातो, तो चार टक्क्यांनी वेगवान होतो आणि सूर साधारण सात दशांश अर्धस्वराने चढतो. प्रकाशकाने ध्वनी दुरुस्त करून घेतला नसेल तर काळी दोनचे गाणे पांढरी तीनकडे सरकते. ‘जादूची बासरी’ची सुरुवातच ई फ्लॅटमधल्या, म्हणजे काळी दोनच्या, भारदस्त स्वरसमूहांनी होते, त्या क्षणी पेटीवर तो स्वर धरला की युरोपातून आणलेल्या कोणत्याही प्रतीची परीक्षा पहिल्या दहा सेकंदांत होऊन जाते. चित्रातल्या दाण्यांवर तासभर वाद घालणारे लोक ही परीक्षा क्वचितच घेतात, आणि ऑपेराच्या बाबतीत दोहोंतले महत्त्वाचे काय, हे मला तरी उघड दिसते.

शेवटी डिस्कच्या खात्यावर उरल्या त्या दोनच गोष्टी, आणि त्यांतली एक तर चित्राशी संबंधितच नव्हती. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका ‘ए’मध्ये येते आणि भारत ‘सी’मध्ये. ही अमेरिकी डिस्क ‘ए’साठीच असल्याने भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही, आणि मेहुण्यांना सर्व विभाग चालवणारा प्लेअर वेगळा घ्यावा लागला होता. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्या घरात चालू नये, ही तक्रार मला सर्व तक्रारींत न्याय्य वाटते, पण ती वेष्टनावर छापलेली असते, म्हणून ‘सदोष’ ठरत नाही.

दुसरी गोष्ट आत्याने अगदी अखेरीस सांगितली. उपशीर्षके फक्त इंग्रजीत आहेत आणि ती वाचेपर्यंत पुढची येते, त्यामुळे अर्धा वेळ तिला कोण कोणावर रागावले आहे तेच कळत नव्हते. आम्ही सगळे दाणे मोजत असताना तिला गोष्ट हवी होती. बर्गमन यांनी मूळ जर्मन शब्द बाजूला ठेवून आल्फ हेन्रिकसन यांचे स्वीडिश भाषांतर गाऊन घेतले, ते नेमके यासाठी की घरी बसलेल्या स्वीडिश माणसाला वाचत बसावे लागू नये. तेव्हा आत्याची अडचण त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी समजली असती. उरलेला अंक मी तिच्या शेजारी बसून मराठीत सांगत गेले. सारास्त्रो हा पामिनाचा बाप आहे, ही बर्गमन यांनी स्वतः घातलेली भर आहे, हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे नवराबायकोचं भांडण आहे होय! मग आता सगळं लागतंय.”

पत्र गेले नाही. मेहुण्यांनी प्लेअरवर एक चिठ्ठी चिकटवली: ‘फिल्ममेकर मोड. पट्ट्या राहू द्या. साउंडबार स्टिरिओ.’ पुढच्या रविवारी काका क्रिकेटचा सामना पाहायला आले आणि चेंडू झटके खात जातो, टीव्ही बिघडला आहे, असे सांगून गेले. तेव्हापासून त्या चिठ्ठीखाली दुसरी ओळ आहे: ‘मॅचसाठी बदला. संपली की परत लावा.’